मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आहे आणि नेमका किती वेळ लागतो?

तुम्ही लिहिलंय की तिकिटावर मुंबईहून रात्री 1 ला सुटून त्याच तारखेला सकाळी 6:30 ला न्यूयॉर्कला पोचतंय, मग प्रवास साडेपाच तासांचाच का? नाही हो, पूर्ण 16 तासांचा आहे. सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोचायची तिकडच्या घड्याळाची छापतात, आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं (मार्च ते नोव्हेंबर साडेनऊ).

अंतर म्हणाल तर सरळ 12,500 किमीच्या आसपास. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की वाटतं विमान अरबस्तान, इजिप्त, अल्जेरियावरून अटलांटिक ओलांडत असणार, मलाही तसंच वाटायचं. मग एकदा मुलीच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा मुंबईवर बोटाने दाबून न्यूयॉर्कपर्यंत ताणून बघितला तर तो पाकिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडचं खालचं टोक धरून कॅनडात उतरला! गोलावर सगळ्यात जवळचा रस्ता हाच. घरी गोल असेल तर नक्की करून बघा.

विमान तासाला 900 किमी धरलं तर 14 तास येतात, पण जाताना वारा समोरून असतो, वर 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात ना, त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हापासून त्यांना अरबी समुद्रावरून वळसा आला. म्हणून नॉनस्टॉप असली तरी 16 तास धरूनच चाला. येताना तोच वारा पाठीशी, तेव्हा दीड-दोन तास वाचतात, पण घड्याळ उलटं फिरतं, तिकडून सकाळी 11 ला निघालात तर इथे दुसऱ्या दिवशी दुपार उजाडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारीख बघा. 15 तारखेची रात्री 1 ची फ्लाइट म्हणजे घर 14 ला रात्रीच सोडायचं. आमच्या मामांनी 15 ला रात्री जेवून बॅगा दारात आणून ठेवल्या, टॅक्सी बोलवायच्या आधी सहज तिकीट उघडलं तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं, मामी तिथेच बॅगेवर बसून रडली आणि नवीन तिकिटाला दुप्पट पैसे गेले. एवढ्यासाठीच हे लांबलचक लिहितोय.

ठाण्यातून निघताय म्हणालात, तर घोडबंदर रोडला असाल तर रात्री 8 वाजताच निघा. रात्री कंटेनर सुटले की कापूरबावडी-माजिवड्यालाच अर्धा-पाऊण तास जातो, पुढे मुलुंड, जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पवई करत सहार विमानतळावर 10 पर्यंत पोचलात की चेक-इन आणि इमिग्रेशन निवांत होतं.