छापील पानाचे दोन कोपरे

अमेरिकेतील विसाव्या शतकाच्या आरंभीची सुवार्तागीते (गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते) अभ्यासायला घेतलीत, तर आधी पानाचे वरचे दोन कोपरे पाहा. डावीकडे बहुधा शब्दकाराचे आणि उजवीकडे संगीतकाराचे नाव असते. १९०५ च्या ‘हिज आय इज ऑन द स्पॅरो’चे शब्द सिव्हिला मार्टिन यांचे, चाल चार्ल्स गेब्रिएल यांची. याच गेब्रिएल यांनी स्वतःची पदे ‘शार्लट जी. होमर’ या टोपणनावानेही छापली, तेव्हा स्त्रीचे नाव दिसले म्हणून लगेच कवयित्री समजू नका (मी समजलो होतो). १९१३ च्या ‘द ओल्ड रगेड क्रॉस’मध्ये मात्र शब्द आणि चाल दोन्ही जॉर्ज बेनार्ड यांचीच. तळाच्या स्वामित्वहक्काच्या ओळीतले वर्ष रचनेचे मानू नये, कारण ते प्रकाशनाचे किंवा नूतनीकरणाचेही असू शकते.