रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा जाताय?

एका दिवसात दोन राजवाडे उरकायचा बेत आधी सोडून द्या. एर्मिताज, म्हणजे झारांच्या हिवाळी राजवाड्यातलं कलासंग्रहालय, सोमवारी बंद असतं, तेवढं पाहून आठवडा आखा.

शहराबाहेरच्या पीटरहॉफला, म्हणजे कारंज्यांच्या बागा असलेल्या राजवाड्याला, मात्र अख्खा दिवस द्या, तोही उन्हाळ्यात. थंडीत कारंजी बंद असतात. सकाळी अकराच्या आधीच मोठ्या कारंज्यांसमोर जागा धरा. संगीत सुरू होतं आणि बायबलमधल्या बलदंड सॅमसनच्या सोनेरी पुतळ्याने फाडलेल्या सिंहाच्या जबड्यातून पाणी सुमारे २० मीटर उंच उसळतं. तुषार पार अंगावर येतात. आणि इथे पंप नाहीत बरं का! रोप्शाकडच्या उंचवट्यावरून कालव्याने आणलेलं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर उडतं, १७२० च्या दशकापासून. हे माहीत असलं की पाहण्यातला आनंद दुप्पट होतो.

'सांडलेल्या रक्तावरचं' चर्च बाहेरूनच फोटो काढून सोडू नका. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बहल्ल्यात जिथे घायाळ झाला, तिथली फरसबंदी आत जपली आहे. भिंतींपासून घुमटापर्यंत सगळं मोझेइक. छोटी दुर्बीण जवळ असू द्या.

कझान कॅथेड्रलमध्ये रोज प्रार्थना चालते. बायकांनी डोक्यावरून ओढणी घ्यावी, आणि कुणी मेणबत्ती लावत असेल तर कॅमेरा खाली.