वाचक विचारतात : पहाटे साडेचारचा फुटबॉल

मागच्या एका अंकात मी कॅनडाच्या फुटबॉल लीगबद्दल, म्हणजे सीएफएलबद्दल, जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. मला वाटलं होतं कोणी लक्षही देणार नाही, पण चांगली पत्रं आली, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डिचोलीचा, वय 46, छोटं दुकान आहे. भाचा रिजायनाला शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. त्याच्या नादाने मी सस्कॅचेवान रफरायडर्सच्या मॅच बघायला लागलो आणि आता एकही सोडत नाही. त्याने पाठवलेली हिरवी जर्सी पण आहे. पण बोलू कोणाशी? तिठ्यावर विषय काढला की मित्र म्हणतात, हातात बॉल घेऊन पळतात तो कसला फुटबॉल, आणि ते गाव तू कधी बघितलं तरी आहेस का, तुझं काय जातं त्यात. गेल्या नोव्हेंबरात आमची टीम जिंकली तेव्हा सोमवारी सकाळी मी एकटाच हॉलमध्ये उभा राहून रडलो, बायको घाबरली. खरं सांगा, न बघितलेल्या गावाच्या टीमसाठी असं होणं बरोबर आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : दादा, आधी अभिनंदन, आणि हे मी मनापासून म्हणतेय, कारण मी विनिपेगवाली. माझी धाकटी बहीण तिथे असते त्यामुळे आमच्या घरात तिथली टीम ब्लू बॉम्बर्स, आणि बॉम्बर्स-रायडर्स म्हणजे शेजारच्या दोन वाड्यांचं जुनं वैर. लेबर डेच्या सुट्टीत तुमच्या रिजायनात एक मॅच, लगेच पुढच्या आठवड्यात आमच्याकडे बँजो बोल नावाची दुसरी. आणि 2025 ची ग्रे कप, म्हणजे लीगच्या कपाची, फायनल नेमकी आमच्या स्टेडियमवर होती आणि तिथे येऊन तुमच्या टीमने माँट्रियलला 25-17 हरवून कप नेला, 2013 नंतर पहिल्यांदा, एकूण पाचवा. त्याच्या आधी आम्ही 2022, 2023, 2024 अशा सलग तीन फायनल हरलो होतो, त्यातली पहिली 24-23, एका पॉइंटने, आणि तीही तुमच्याच रिजायनात. त्या सकाळी मी चहा केला आणि तो तसाच गार झाला. तेव्हा तुम्ही का रडलात हे मला समजावून सांगायची गरज नाही.

आता मित्रांचं. तुझं काय जातं म्हणतात ना, त्यांना एकच गोष्ट विचारा. आपल्याकडे जे तारवटी बोटीवर सात-आठ महिने असतात, किंवा जे कुवेत-दुबईला आहेत, ते एफसी गोवाची मॅच असली की काय करतात? बोटीवर रेंज मिळाली की पहिला मेसेज स्कोअर काय. फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये बसून नाही म्हणून त्यांना कोणी खोटा फॅन म्हणतं का? नाही म्हणत, उलट आपण म्हणतो बघा, इतका लांब असून जीव इथे आहे.

तुम्ही म्हणाल ते मूळचे इथले, माझं तिथे काय मूळ. बरोबर आहे, पण ती टीम तगलीच मुळी लांबच्या माणसांवर. सस्कॅचेवान हा प्रांत आपल्या गोव्याच्या पावणेदोनशे पट मोठा आणि माणसं मात्र गोव्यापेक्षा कमी, 2021 च्या जनगणनेत साधारण 11 लाख. शेतीचा मुलूख, मैलोन्मैल गहू नाहीतर पिवळी मोहरीसारखी कनोला, लोक तीन-तीन चार-चार तास गाडी चालवून मॅचला येतात. आणि तिथली पोरं कित्येक वर्षं कामासाठी शेजारच्या अल्बर्टात जात राहिली, म्हणून कॅलगरीत किंवा एडमंटनमध्ये रायडर्सची मॅच असली की दुसऱ्याच्या स्टेडियममध्ये पण हिरवंगार दिसतं. घर सोडलेल्या माणसांनी आपलं गाव जर्सीत घालून नेलं. हे गोंयकाराला कळणार नाही तर कोणाला कळणार? तुमचा भाचा तिकडे उपरा म्हणून गेला आणि त्या गावाने त्याला जे पहिलं आपलं म्हणून दिलं ते त्याने मामाला पाठवलं. ती जर्सी अशी आलेली आहे.

आणि ही टीम कोणा एका शेठची नाही, लोकांची आहे. आपल्या गावातले स्पोर्टिंग क्लब जसे वर्गणीवर उभे राहिले तसंच, फक्त प्रोफेशनल लेव्हलला. 1987 साली पैशाची इतकी तंगी आली की टीव्हीवर टेलिथॉन करून लोकांकडे पैसे मागितले, आणि लोकांनी दिले. अशा टीमच्या बाबतीत आतला कोण आणि बाहेरचा कोण हे ठरवणार कोण? जो पहाटे उठतो तो आतला.

हातात बॉल घेऊन पळतात यावर माझं उत्तर असं की हा खेळ रग्बीतून वाढलाय, तुमची टीमच 1910 ला रिजायना रग्बी क्लब म्हणून सुरू झाली. आणि आपला फुटबॉल तरी कुठे मातीतून उगवला, 1883 मध्ये शिवोलीला एका आयरिश पाद्रीने आणला असं सांगतात, आज तो राज्याचा खेळ आहे. चिडू नका, एक दिवस त्यातल्या एकाला घरी बोलवा, चहा आणि पोदेराकडचे गरम उंडे आणि पातळ भाजी ठेवा आणि मॅच लावा, समजावायचं ते कबड्डीच्या भाषेत समजावा, रेड आणि पकड म्हटलं की अर्धं काम होतं. दोन मॅच बघूनही नाही आवडलं तर सोडून द्या, मैत्री त्याहून मोठी.

कलिंगडाचं तुम्ही लिहिलं नाहीत पण तुम्हाला माहीत असणारच, रायडर्सचे फॅन कलिंगड कोरून हेल्मेटसारखं डोक्यावर घालतात, हिरवा रंग म्हणून. माझ्या मनात नेहमी येतं की आपलं पर्र्याचं कलिंगड नोव्हेंबरात मिळालं असतं तर काय झालं असतं, पण ते एप्रिल-मेचं फळ. मे संपायच्या आत एक आणा, कोरा, फोटो काढून भाच्याला पाठवा. आणि वहिनींना आदल्या रात्रीच सांगून ठेवत जा की उद्या फायनल आहे, म्हणजे घाबरणार नाहीत.

प्रश्न : मॅच नक्की कधी असतात आणि बघायच्या कुठे? आमच्याकडे पावसात लाईट पण जाते आणि नेट पण.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : सीझन जून ते नोव्हेंबर, म्हणजे आपला अख्खा पाऊस, चवथ आणि दिवाळी धरून. एकूण टीम नऊ, प्रत्येकीच्या 18 मॅच. तिकडची संध्याकाळ ती आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ. टोरांटोत साडेसातला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे पाचला, रिजायनातली सातची आपल्याकडे साडेसहाला, व्हँकुव्हरची सातची तर साडेसातला म्हणजे अगदी आरामात. एक लक्षात ठेवा, सस्कॅचेवानमध्ये घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, तिथे बारा महिने आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, पण बाकीच्या बहुतेक शहरांत नोव्हेंबरच्या सुरुवातीला तास बदलतो आणि प्लेऑफ तेव्हाच असतात, तेव्हा अलार्म लावताना परत हिशोब करा. लीगची स्वतःची सीएफएल प्लस म्हणून स्ट्रीमिंग सेवा आहे, कॅनडाबाहेरच्या लोकांसाठी, आधी तिथे बघा.

लाईटचं काय करणार. मी मोबाईल रात्री फुल चार्ज करून ठेवते आणि अगदीच गेलं तर बहीण फोनवर सांगते. 1962 ची ग्रे कप फायनल टोरांटोला होती, तेव्हा तळ्यावरून इतकं धुकं आलं की स्टेडियममध्ये बसलेल्यांनाच बॉल दिसेना, शेवटी साडेनऊ मिनिटं बाकी असताना मॅच थांबवली आणि उरलेली दुसऱ्या दिवशी खेळले. विनिपेग 28, हॅमिल्टन 27. मी हे बॉम्बर्सवाली म्हणून मुद्दाम सांगतेय हे खरं, पण आंबोलीच्या घाटात जुलैमध्ये गाडी चालवली असेल तर तुम्हाला ते धुकं बरोबर कळेल.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, आधी अमेरिकन फुटबॉल बघायचो मग हे लागलं. मला यातलं वेगळेपणच आवडतं आणि आता तेच बदलतायत. मैदान लहान करणार, रूजचा नियम बदलला. मग बघायचं कशाला?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बाबा, तुझा राग मला पूर्ण पटतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, कॅनडाचं मैदान 110 यार्ड लांब आणि 65 रुंद, अमेरिकेचं 100 लांब आणि 53 च्या थोडं वर. तिकडे अकरा खेळाडू, इथे बारा. तिकडे दहा यार्ड जायला चार डाऊन म्हणजे चार प्रयत्न, इथे तीनच, आणि तिसऱ्याला बहुतेक वेळा किक मारून बॉल द्यावा लागतो, म्हणजे खरे प्रयत्न दोनच, म्हणून इथे रडतखडत दोन-दोन यार्ड पुढे सरकून भागत नाही, पास टाकावाच लागतो. आणि रिसीव्हर बॉल निघायच्या आधीच पळत सुटतात, फास्ट बोलरच्या रनअपसारखे, त्याला वॅगल म्हणतात. माझं सगळ्यात आवडतं तेच.

रूज म्हणजे एक पॉइंट. किक मारलेला बॉल समोरच्यांच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, गेला आणि त्यांना तो बाहेर आणता आला नाही की एक पॉइंट. आधी बॉल नुसता मागून किंवा बाजूने निघून गेला तरी मिळायचा, 2026 च्या सीझनपासून तसा नाही मिळणार, कोणीतरी उचलला आणि बाहेर नाही आणला तरच. मला विचारशील तर हा बदल वाईट नाही, चुकलेल्या किकला बक्षीस मिळायचं ते मलाही खटकायचं.

पण 2027 पासून मैदान 100 यार्ड, एंड झोन 20 चे 15 आणि गोलपोस्ट एंड झोनच्या पुढच्या रेषेवरून उचलून मागे, हे मला नाही आवडलेलं. फील्ड गोल (गोलपोस्टमधून किक मारून मिळणारे पॉइंट) कमी होऊन टचडाऊन (बॉल एंड झोनमध्ये नेऊन मिळणारे) वाढतील असा त्यांचा हिशोब आहे आणि तो कदाचित बरोबरही ठरेल, पण 110 यार्ड ही त्या खेळाची बोली होती. आपण गोव्याचे लोक, बोली गेली की काय जातं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

तरी बघायचं सोडू नकोस, कारण रुंदी 65 च राहतेय, बारा खेळाडू राहतायत, तीन डाऊन राहतायत आणि वॅगल पण राहतंय, म्हणजे तुला जे आवडतं त्यातलं बरंचसं अजून आहे. आणि 110 यार्डांचा हा शेवटचा सीझन आहे, जूनमध्ये सुरू होतोय. पहिल्या आठवड्यापासून बघ, एकही सोडू नकोस, आणि स्वतःच्या 35 यार्डांवरून लांब पंट (हातातून सोडलेल्या बॉलला मारलेली किक) गेला की परतणारा पोरगा किती जागा घेऊन पळतो तेवढं नीट डोळ्यांत भरून घे.