पावडर कोटिंगच्या छोट्या कारखान्यात पाणी कसं वाचवायचं? आरओ रिसायकल प्लांट घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सेव्हन टँकची लाइन (पावडर मारण्याआधी जॉब, म्हणजे लोखंडी पार्ट, केमिकल आणि पाण्याच्या सात टँकमधून काढायची) आहे, शेजारी वेल्डिंग शॉप आणि एक कुलिंग टॉवर आहे, उन्हाळ्यात रोज दोन टँकर विकत घ्यावे लागतात आणि मालक आता ईटीपीच्या (सांडपाणी साफ करायच्या प्लांटच्या) पुढं आरओ (मेंब्रेन म्हणजे अगदी बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढायचा प्लांट) बसवायचं म्हणतायत. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत युटिलिटी आणि मेंटेनन्समध्ये अठरा वर्षं काढलीत, त्यातली बरीचशी अशाच लाइनवर. माझं स्पष्ट मत सांगतो, आरओची ऑर्डर आत्ता देऊ नका. आधी दोन-तीन महिने खाली लिहिलंय ते करा, मग किती मोठा प्लांट लागतो, लागतो की नाही, ते आपोआप कळेल.

सगळ्यात आधी मीटर. मेन लाइनला असेलच, पण लाइनच्या रिन्स टँकना (साध्या पाण्यानं धुवायचे टँक) एक, कुलिंग टॉवरच्या मेकअपला (टॉवरमध्ये भर घालायचं ताजं पाणी) एक आणि संडास-बाथरूम-कँटीनला एक असे तीन साधे मीटर लावा, खर्च फार नाही. आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळं बंद झाल्यावर मेन मीटरची रीडिंग घ्या, सुट्टीनंतर सकाळी पहिलं मशीन चालू व्हायच्या आधी परत घ्या. आमच्या आधीच्या कंपनीत असं केलं तेव्हा एका सुट्टीत ११ युनिट गेलेले दिसले, म्हणजे ११ हजार लिटर, एका टँकरपेक्षा जास्त, आणि कारखान्यात वॉचमनशिवाय कोणी नव्हतं! शोधता शोधता कळलं की जमिनीखालच्या टाकीचा फ्लोट वाल्व अडकलेला आणि ओव्हरफ्लोचा पाइप जमिनीखालून थेट पावसाळी गटाराला जोडलेला, त्यामुळं कोणाला दिसायचंच नाही. किती महिने चाललं होतं देव जाणे. वाल्व बदलला, पण खरा इलाज दुसराच होता, ओव्हरफ्लोचा पाइप कापून सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उघडा सोडला, आता एक धार जरी पडली तरी चहाला जाणारा माणूस ओरडतो. तुमच्याकडं जितके ओव्हरफ्लो आहेत तितके असे दिसतील असे काढा.

आता रिन्स टँक, इथं मी जरा जास्त लिहितो कारण तुमचं सगळ्यात जास्त पाणी इथंच जात असणार. जॉब केमिकलच्या टँकमधून बाहेर येतो तेव्हा अंगावर केमिकल घेऊन येतो आणि ते धुवायला आपण रिन्सला नळ सोडून ठेवतो. समजा जॉबबरोबर १ लिटर केमिकल आलं आणि ते हजारपट पातळ करायचंय, तर एकाच टँकमध्ये धुतलं तर १००० लिटर पाणी लागतं. तेच दोन टँक लावले आणि पाणी उलट दिशेनं फिरवलं, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टँकमध्ये आणि त्याचा ओव्हरफ्लो पहिल्या टँकमध्ये, तर पहिला टँक ३२ पट पातळ करतो, दुसरा अजून ३२ पट, ३२ गुणिले ३२ म्हणजे हजार झाले, आणि पाणी लागलं फक्त ३२ लिटरच्या आसपास. तीन टँक असतील तर १० लिटर. हा कागदावरचा हिशोब आहे, शॉपमध्ये पाणी नीट मिसळत नाही म्हणून थोडं जास्तच लागतं, पण दुप्पट-तिप्पट लागलं तरी १००० कुठं आणि १०० कुठं. सेव्हन टँकमध्ये बहुतेक ठिकाणी एका केमिकलनंतर एकच रिन्स असतो, म्हणून जागा असेल तर डिग्रीजिंग (तेल-ग्रीस काढणं) आणि फॉस्फेटिंगनंतर (फॉस्फेटचा थर चढवल्यावर) एकेक टँक वाढवा, एफआरपीचा किंवा पीपीचा (दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार) टँक लोकल फॅब्रिकेटर बनवून देतो.

अजून एक, डिरस्टिंगनंतरच्या (आम्लानं गंज काढल्यानंतरच्या) रिन्सचं पाणी थोडं आम्लधर्मी असतं, ते गटारात सोडायच्या आधी डिग्रीजिंगनंतरच्या रिन्समध्ये फिरवता येतं, तिथला अल्कलीचा चिकटपणा त्यानं लवकर सुटतो. फक्त त्या पाण्यात लोह असतं आणि अल्कलीत गेलं की तपकिरी गाळ धरतं, त्यामुळं टँकचा तळ साफ करत राहा.

आणि पाण्याच्या आधी केमिकलच कमी बाहेर काढा ना. आमच्या लाइनवर एक वाटीसारखा ब्रॅकेट होता, तो हँगरला (जॉब टांगून टँकमध्ये बुडवायचा सांगाडा) तोंड वर करून लावायचे कारण तसा लावायला सोपा पडायचा. मी एकदा हॉइस्ट थांबवून एक ब्रॅकेट हातात घेऊन बघितला तर आत जवळपास अर्धी वाटी फॉस्फेट. एका हँगरला ४० ब्रॅकेट. हुक बदलून तोंड खाली केलं, आणि टँकवर हँगर दहा-पंधरा सेकंद निथळू द्यायचं ठरवलं. हे ठरवणं सोपं असतं, पाळणं अवघड, कारण ऑपरेटरला टार्गेट असतं, तो दहा सेकंद कशाला थांबेल? म्हणून आम्ही सुपरवायझरशी बोलून सायकल टाइममध्येच ते सेकंद धरले, तेव्हा कुठं ते टिकलं. कृपा करून पोरांना नुसतं 'पाणी वाचवा' असा बोर्ड लावून मोकळे होऊ नका, त्यांना वेळ द्या.

नळ हातानं सोडायचाच नाही. रिन्सला कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातले क्षार किती ते दाखवणारा) आणि सोलेनॉइड वाल्व (विजेवर आपोआप उघडणारा) लावा, पाणी खराब झालं की उघडतो, नाहीतर बंद. जेवणाच्या सुट्टीत वाहणारा नळ हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा चोर होता.

कुलिंग टॉवरमध्ये जे पाणी वाफ होऊन जातं ते जाणारच, पण क्षार वाढू नयेत म्हणून जे ब्लोडाउन सोडतो ते आपल्या हातात असतं. समजा दिवसाला ४००० लिटर वाफ होते. टॉवरमधला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मेकअपच्या दुप्पट ठेवला तर ब्लोडाउनही ४००० लिटर, म्हणजे एकूण ८०००. पाचपट होऊ दिला तर ब्लोडाउन फक्त १०००, एकूण ५०००. रोज ३००० लिटर वाचले आणि काही विकत घेतलं नाही, फक्त ड्रेनचा वाल्व जो कोणीतरी कधीतरी अर्धा उघडून ठेवलेला असतो तो बंद करून टीडीएस बघून सोडायला लागलो. मात्र बोअरचं जड पाणी असेल तर पाचपटीला खपली धरते, तेव्हा सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) लावून आणि केमिकलवाल्याचा सल्ला घेऊनच वाढवा, एकदम नको.

पावसाचं पाणी लोक शोभेचं समजतात, मी नाही समजत. १००० चौरस मीटर पत्र्यावर १ मिमी पाऊस म्हणजे १००० लिटर. आमच्या भागात वर्षाला साधारण ७०० मिमी पडतो, त्यातला ८० टक्के जरी धरला तरी साडेपाच लाख लिटर, ५५ टँकर झाले. सगळं साठवायला जागा नसते हे खरं, पण या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळं शेवटच्या रिन्सला आणि टॉवरला याच्यासारखं पाणी नाही. पहिल्या पावसाचं सोडून द्या, पत्र्यावरची धूळ असते.

आता आरओ. त्यातून टाकलेलं सगळं पाणी परत येत नाही, बऱ्याच ठिकाणी तिसरा हिस्सा किंवा जास्त रिजेक्ट निघतो, आणि तो क्षारांनी भरलेला असतो, त्याचं करायचं काय? बाष्पीभवन करायचं तर वाफ लागते, म्हणजे इंधन. डिग्रीजिंगचं तेल मेंब्रेनवर गेलं तर मेंब्रेन गेली. आणि आज ज्या पाण्यावर तुम्ही प्लांटचा साइज काढताय त्यातलं अर्धं उद्या वाचलं तर प्लांट दुप्पट मोठा घेतला असं होईल. आधी वापर खाली आणा, मग साइज काढा, आणि ईटीपीत काही बदलायचं असेल तर एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीत, काय लिहिलंय ते आधी वाचा.

मालकांना पटवायचं असेल तर नुसतं पाण्याचं बिल दाखवू नका, ते छोटं दिसतं. त्याच लिटरवर सॉफ्टनरचं मीठ, पंपाची वीज, गरम करायचा गॅस, ईटीपीचं केमिकल आणि शेवटी स्लज (ईटीपीचा गाळ) उचलायचे पैसे असे सगळे मिळून प्रति हजार लिटर किती पडतं ते काढा, मी काढलं तेव्हा आमचे प्लांट हेड कागद दोनदा वाचत बसले होते.

मी एवढं जीव तोडून लिहितोय त्याला कारण २०१६ चा उन्हाळा. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलेलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कंपन्यांच्या पाण्यात ६० टक्के आणि बाकी उद्योगांच्या पाण्यात २५ टक्के कपात करायला लावली. माझी आई तेव्हा गंगापूर तालुक्यात गावी होती, टँकर आला की हंडे घेऊन पळायची, आणि मी कारखान्यात रिन्सचा नळ बघायचो. त्या कपातीतही आमचं प्रॉडक्शन थांबलं नाही, याचा अर्थ ते २५ टक्के आम्ही आधीही वाचवू शकलो असतो. हे मला अजून टोचतं.

तुम्ही पहिल्या सुट्टीची रीडिंग घ्या आणि मेकअप व टॉवर दोन्हीचा टीडीएस मोजून इथंच कमेंटमध्ये टाका, रिन्स टँकचे मापही द्या, टँक कुठं वाढवता येईल ते मी स्केच काढून सांगतो.