इमॅक्युलेट म्हणजे नुसतं क्लीनच ना?

तुम्ही विचारलंय की इमॅक्युलेटचा अर्थ स्वच्छच आहे तर घर, रस्ता, हात, सगळ्याला लावला तर चालेल का. नाही चालत. मी नाशकात इंग्लिश स्पीकिंग शिकवतो, हा प्रश्न बऱ्याचदा येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लॅटिनमध्ये मॅक्युला म्हणजे डाग, आणि त्याच्या आधी नकाराचा इम. आपला निष्कलंक अगदी तसाच बनलाय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पडद्यावरचा मॅक्युला ऐकला असेल तर तो पण हाच शब्द, तिथे तो पिवळसर ठिपका असतो.

त्यामुळे जिथे एवढासा डाग पण डोळ्यात भरेल आणि कोणीतरी जपून तो पडू दिलेला नाही, तिथेच हा शब्द शोभतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मिसळ खायला गेलात आणि काळ्या रश्श्याचा एक शिंतोडा उडाला की संपलं, मग तो शर्ट इमॅक्युलेट नाही. सेकंडहँड गाडीच्या जाहिरातीत इमॅक्युलेट कंडिशन लिहितात ना, तिथे गाडी धुतलेली आहे एवढंच सांगायचं नसतं, ओरखडा नाही, डेंट नाही, सीट फाटलेली नाही असं सगळं त्यात आलं, म्हणजे चकाचक धुतलेली पण दारावर स्क्रॅच असलेली गाडी क्लीन आहे पण इमॅक्युलेट नाही. रामकुंडावरचा घाट सकाळी झाडून धुतला तर तिथे क्लीन म्हणा, आणि किचनचा ओटा लख्ख पुसलेला असेल तर स्पॉटलेस छान बसतं. प्रिस्टीन वेगळा, तो मूळचं जसंच्या तसं राहिलेल्या गोष्टीला, म्हणजे माणसाचा हात न लागलेलं जंगल वगैरे.

स्वच्छतेच्या बाहेर पण हा शब्द भरपूर चालतो आणि मला तोच वापर जास्त आवडतो. कॉमेंट्रीत बॉलरची इमॅक्युलेट लाइन अँड लेंग्थ म्हणतात, कोणाचं टायमिंग इमॅक्युलेट असतं, म्हणजे चूक काढायला जागाच नाही.

इमॅक्युलेट कन्सेप्शन वाचलंत तर एक लक्षात ठेवा, बरेच जण ते येशूच्या जन्माबद्दल समजतात, पण ते मेरीबद्दल आहे, ती स्वतःच आईच्या पोटात मूळ पापाच्या (म्हणजे माणूस जन्मतःच सोबत घेऊन येतो असं मानलेल्या पापाच्या) डागाशिवाय आली अशी कॅथलिक श्रद्धा. पोप पायस नववे यांनी 1854 मध्ये ते अधिकृत केलं, सण 8 डिसेंबरला असतो.

उच्चार करताना जोर मॅ वर द्या, शेवट लेट असा लांबवू नका, लट च्या जवळ ठेवा. स्पेलिंगमध्ये एम दोन, सी एकच. आणि व्हेरी इमॅक्युलेट लिहू नका, जोर द्यायचाच असेल तर अ‍ॅब्सोल्युटली लावा.