मे महिन्यातला समुद्र आणि उदगीरच्या गुरुजींचा इसार

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी उदगीरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सुट्टीत लेक-जावई, नातवंडांना घेऊन दापोली तालुक्यात समुद्रावर चार दिवस राहिलो. लॉजवाल्याच्या ओळखीच्या एजंटाने अकरा गुंठ्यांचा तुकडा दाखवला. हापूसची चौदा कलमं, एक विहीर आणि समुद्र अवघ्या दीडशे मीटरवर. गुंठ्याला अडीच लाख सांगतो. सागरी महामार्ग झाला की भाव दुप्पट होईल आणि महिनाअखेरीस मुंबईचं गिऱ्हाईक येतंय, तेव्हा त्याआधी दोन लाख इसार द्या, असा त्याचा आग्रह आहे. पुढे तिथे छोटं घर बांधायचा विचार आहे. माझी शेती आहे, पण सातबारा अजून कैलासवासी वडिलांच्या नावावर आहे. इसार देऊ का?

उत्तर : गुरुजी, देऊ नका. निदान या महिन्यात तरी नक्कीच नाही.

लातूरच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं दिवाणी कामं करतेय, पण हे उत्तर मी घरच्या अनुभवावरून देतेय. 2019च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या दिरांनी त्याच तालुक्यात नऊ गुंठे पसंत केले आणि दीड लाख इसार देऊन आले. कागद माझ्या हातात आले ते नंतर. सातबारा उघडला तर नऊ गुंठ्यांवर सतरा नावं. एजंटाकडे त्यातल्या अकरा जणांचं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र होतं. बाकीचे सहा कुठे आहेत, हे कुणालाच सांगता येईना.

जुलैत मी दिरांबरोबर जागेवर गेले. मे महिन्यात सगळे ज्या बोळातून हसत-खेळत चालत गेले होते, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे वाळलेला पाचोळा, त्या बोळातून गुडघाभर तांबडं पाणी धावत होतं. तो रस्ता नव्हताच, वहाळ होता. जागेला जायची वाट शेजारच्याच्या आगरातून होती आणि तिची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. छत्री धरून दीर गडग्याला टेकून कितीतरी वेळ उभे होते. दोन वर्षं फोन केले, तेव्हा दीड लाखातले साठ हजार परत आले.

म्हणून गुरुजी, तुमच्या पत्रातली एकेक गोष्ट मी सावकाश घेते.

आधी ते दीडशे मीटर. एजंट ज्याला जागेचा गुण म्हणतोय, तोच तुमच्या घराच्या आड येणार आहे. किनारा नियमन क्षेत्राची म्हणजे सीआरझेडची 18 जानेवारी 2019ची अधिसूचना पाहा. ग्रामीण किनाऱ्यावर, 2011च्या जनगणनेनुसार जिथे चौरस किलोमीटरला 2161पेक्षा कमी लोकवस्ती आहे, तिथे भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. दाट वस्ती असेल तर ही मर्यादा 50 मीटर. दापोलीकडची किनाऱ्यावरची गावं काही एवढी दाट नाहीत. त्या पट्ट्यात आधीपासूनचं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, बाहेरून आलेल्या माणसाला नवं बांधायला परवानगी मिळत नाही. आणि अंतर मोजतात भरतीरेषेपासून. तुम्ही ओहोटीला नातवंडांबरोबर जिथे ओल्या वाळूत उभे होतात, तिथून नव्हे. म्हणजे तुमचे दीडशे मीटर कागदावर शंभरच भरायचे. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मंजूर नकाशा काढून त्यावर हा सर्व्हे नंबर आणि हिस्सा कुठे पडतो, ते पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

मग विहीर. आपण मराठवाड्याची माणसं पाणी बघितलं की विरघळतो. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालेलं आमचं लातूर. आपल्याकडे वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडे तीन हजारांच्या वर. त्यामुळे तिथे पाण्याला काय तोटा, असं वाटतं. पण जांभा दगड सच्छिद्र, उतार समुद्राकडे, पाणी थांबतच नाही. एप्रिल-मेमध्ये कितीतरी गावांतल्या विहिरी तळ गाठतात. किनाऱ्याजवळ जास्त उपसा झाला की पाणी मचूळ होतं, बोअरचं तर लवकरच. तुम्ही अगदी योग्य महिन्यात गेला होतात, पण विहिरीत डोकावलात का? पत्रात विहीर आहे, तिच्यात पाणी किती हे नाही. दोर लावून मोजा, चूळ भरून चव घ्या, आणि शेजारच्या घरी मे महिन्यात टँकर लागतो का ते घरातल्या बाईला विचारा. पाणी कोणत्या आठवड्यात आटतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

जागेच्या दराचं मला फार वाटतं, कारण तिथेच आपली माणसं फसतात. मे महिन्यात त्या गावात दोन प्रकारची माणसं एकदम जमतात. सुट्टीला आलेलं गिऱ्हाईक आणि आंब्याला घरी आलेले चाकरमानी. पहिल्यामुळे भाव चढतो, दुसऱ्यांमुळे सह्या मिळतात. एजंट तुम्हाला पहिली गोष्ट दाखवतोय, तुम्ही दुसरीचा फायदा घ्या. बोरिवली, विरारहून सगळे हिस्सेदार आलेले असतात तेव्हाच त्यांना भेटा, बहिणींची नावं विचारा, कुणाची हरकत आहे का ते तोंडावर ऐका. दराचं बोलणं मात्र पावसात करा. जूनच्या मध्यावर लॉज रिकामे होतात, रस्त्यावर चिखल होतो, मुंबईचं गिऱ्हाईक दिसेनासं होतं. माझ्या दिरांना जुलैत त्याच गावातली दुसरी एक जागा मेमधल्या दरापेक्षा कितीतरी खाली सांगितली गेली, तीही आपणहून फोन करून. महामार्गाचं म्हणाल तर रेवस-रेड्डी सागरी मार्गाचं नाव तिकडे कित्येक वर्षं ऐकू येतंय. रस्ता होईल तेव्हा होईल. त्याचे पैसे तुम्ही आज का भरायचे?

कागदांत तिकडचं नि आपलं वेगळं आहे. इथे मी 1954-55च्या खासरा पत्रकापासून, म्हणजे मराठवाड्यातल्या जुन्या जमीन-नोंदींपासून, मालकी तपासत येते. तिकडे ते पत्रक नाही, जुने फेरफार मागे मागे न्यावे लागतात. आपला कूळकायदा हैदराबादचा, 1950चा. त्यांचा मुंबईचा, 1948चा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव किंवा कलम 43चा, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन विकण्यावर बंधन असल्याचा, शेरा दिसला तर थांबा. ‘खाजगी वन’ असा शेरा असेल तर तो व्यवहार सोडूनच द्या. मोठ्या हिश्श्यातून अकरा गुंठे तोडून देणार असतील तर जमीन बागायत लागलीय की जिरायत हे पाहा. ऑगस्ट 2023च्या अधिसूचनेप्रमाणे शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे आहे. जिरायत असेल तर अकराचा तुकडा तुमच्या नावावर लागायचा नाही. चौदा कलमं उभी आहेत म्हणून सातबाऱ्यावर बागायत असेलच, असं धरू नका. आणि मुखत्यारपत्र नि साठेखत (पुढे खरेदी करण्याचा नुसता करार) यांवर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केलंय. नोंदणीकृत खरेदीखत, सगळ्यांच्या सह्यांनी, एवढंच खरं.

आता तुमचं स्वतःचं. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर तिकडच्या कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, घेतली तर व्यवहार अवैध. वडिलांच्या नावचा सातबारा दाखवून भागत नाही. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून वारस फेरफार करून घ्या. बहिणींची नावं त्यात आलीच पाहिजेत, गुरुजी, त्यांच्या हक्काला धक्का लागू देऊ नका. दापोलीची जागा घ्या न घ्या, हे काम या आठवड्यात सुरू करा.

आणि खरंच त्या गावात मन गुंतलं असेल तर श्रावणाच्या आधी एकटे जा, नातवंडांशिवाय. एसटी स्टँडपासून जागेपर्यंत पावसात चालत जा. 3 जून 2020ला निसर्ग वादळाने त्या पट्ट्यातल्या पोफळी, नारळी आडव्या केल्या. तुमच्या जागेवर काय पडलं होतं, पाणी कुठवर आलं होतं, तेही विचारून या. दोनशे मीटरच्या आत काही घेऊ नका. आत गावाकडे, डांबरी रस्त्याला लागून जागा मिळाली तर सातबारा आणि फेरफार मला पाठवा, मी स्वतः वाचेन.

प्रश्न : ताई, मी परभणीची. समुद्राकाठच्या एका नव्या संकुलात फ्लॅट घ्यायचा आहे. पर्यटकांना भाड्याने देऊन बँकेचा हप्ता निघेल असं बिल्डर म्हणतो. खरं का?

उत्तर : बारा महिने निघणार नाही. मे, दिवाळी ते नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, एवढाच हंगाम. जूनपासून होड्या बंद, मासेमारी बंद, फ्लॅट कुलपात. खाऱ्या हवेने ग्रील, नळ, एसी खराब होतात, तो खर्चही तुमचाच. पाऊस संपेपर्यंतचे हप्ते पगारातून भरता येत असतील तरच पुढे जा. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तो नंबर बिल्डरकडून मागून घ्या आणि मला कळवा, ताबा कधीचा लिहिलाय ते आपण दोघी मिळून पाहू.