शिक्षकांना मार्गदर्शन करताना त्यांच्या तासाचा व्हिडिओ कसा वापरावा? कॅमेरा, माइक कसा लावावा आणि फीडबॅक कसा द्यावा?

कॅमेऱ्याचं सोपं आहे. मोबाइल स्टँडवर लावा, फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, तोंड मुलांकडे. बहुतेक जण मागच्या भिंतीला लावतात आणि मग तासभर मुलांची डोकी नि फळ्याकडे वळलेली शिक्षकाची पाठ बघत बसतात. पूर्ण तास काढूच नका, दहा-बारा मिनिटं पुरे. पण फीडबॅक ‘द्यावा’ कसा असं विचारलंत ना, तिथे माझं डोकं फिरतं, म्हणून एवढं लिहितेय.

मला गणित शिकवून चौदा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पाचवीचा वर्ग, अपूर्णांक. तास झकास झाला असं माझं मत, मुलं बोलत होती, उत्तरं येत होती, बाहेर पडले ती स्वतःवरच खूश. आमच्याकडे मेंटॉर म्हणून जे सर होते त्यांनी रेकॉर्डिंग माझ्याच हातात दिलं, म्हणाले एकट्याने बघा आणि नंतर मला फक्त एवढंच सांगा की कुठे थांबवावंसं वाटलं. ना रेटिंग, ना चेकलिस्ट.

पहिल्यांदा बघताना मी फक्त माझा आवाज ऐकला आणि केस किती वेळा मागे घेते ते मोजलं (सगळ्यांचं होतं, पहिली वेळ वाया जाणारच). दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघितला. प्रश्न होता १/३ मोठा की १/४. विचारून होतोय तोच मीच पुढे, ‘बघा हं, भाग जास्त केले की तुकडा कसा होणार?’ आणि सगळ्या वर्गाची तोंडं एकदम उघडली, ‘लहाऽन!’ पण खिडकीकडच्या पहिल्या बाकावरची एक मुलगी तेव्हा वहीत पट्ट्या काढत होती. एकीचे तीन भाग करून झाले होते, दुसरीवर अजून काम चाललं होतं, तेवढ्यात सगळे ओरडले, तिने इकडेतिकडे बघितलं, पेन्सिल ठेवली, खोडरबर घेतलं आणि दोन्ही पट्ट्या खोडून टाकल्या. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

मग स्टॉपवॉच घेऊन बसले. प्रश्न आणि माझं पुढचं वाक्य यात एक सेकंदसुद्धा नाही. बारा मिनिटांत सव्वीस वेळा ‘बरोबर?’. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी १९७०च्या दशकात हेच मांडलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी पोरंही बोलायला लागतात. मला हे पाठ होतं हो, परीक्षेत लिहून मार्क घेतले होते! आणि कोणी मागे बसून ‘मॅडम, तुम्ही थांबत नाही’ म्हणालं असतं तर मी दहा कारणं दिली असती, पोर्शन, वेळ, वर्गाची संख्या. त्या खोडरबरापुढे काय कारण देणार?

पुढचं ऐका. मुख्याध्यापकांना याचा वास लागला. सर क्लिप देईनात तर माझ्याकडे मागितली, मी दिली (चूक माझीच), आणि त्यांनी मला न विचारता ती स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर लावली. उत्तम उदाहरण म्हणून हं. मागून कोणीतरी ‘बरोबर?’ म्हणालं आणि सगळे हसले. भांडले तर उत्तर आलं, लपवण्यासारखं काय आहे, शाळेच्या वेळेतच काढलाय ना. त्यानंतर वर्षभर कोणी कॅमेरा लावू देईना, ज्या दोघांनी लावू दिला त्यांनी आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरं घोटून घेतली होती. लपवण्यासारखं काहीच नव्हतं सर, पण दाखवायचं कोणाला हे मला ठरवू द्यायचं होतं.

आणि स्वतःचा तास व्हिडिओवर बघणं हे काही नवीन खूळ नाही. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे थोड्या मुलांसमोर छोटासा पाठ घेऊन केलेला सराव, १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं ते शिकवा, रेकॉर्डिंग बघा, पुन्हा शिकवा असंच होतं. माझ्या ट्रेनिंगपर्यंत त्यातलं ‘बघा’ गळून पडलं होतं, उरल्या फाइली आणि सह्या.

तर व्हिडिओ शिक्षकाच्याच मोबाइलवर काढा, तुकडा त्यालाच निवडू द्या, तुम्ही आधी तोंड उघडू नका, एकच गोष्ट धरा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. मूल्यमापनाच्या फाइलीत तो गेला की संपलं सगळं. आता अगदी नवख्या शिक्षकाला एकट्याने बघून काहीच दिसत नाही हेही खरं, त्याला ‘या चार मुलांकडेच बघ’ असं सांगावं लागतं. काही जण दर वेळी गोडगोड तुकडाच आणतात, तिथे दोन-तीन वेळा झाल्यावर तुम्ही एखादा तुकडा मागायला हरकत नाही. पालकांची परवानगी आधी घ्या, मुलांचे चेहरे येतात.

माइकचं राहिलंच. कॉलरला लावायचा घेऊ नका, त्यात शिक्षकच खणखणीत ऐकू येतो. मुलांच्या बाकांमध्ये दुसरा एखादा मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून ठेवून द्या.